कन्फेशन: सांगायचं कोणाला, आणि सांगून झाल्यावर काय?

मागचं व्याख्यान धुळ्याला झालं, विषय होता स्नानसंस्कार. धुळ्यात कोणी बोलावं आणि कोणी ते उतरवून घ्यावं ही तशी जुनीच रीत आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते लिहून घेत. आमचं बोलणं त्या तोलाचं नाही, पण उतरवून घेणाऱ्या मुलांचे आभार मानायला हवेत, कारण आता ऐकणाऱ्यांपेक्षा वाचणारेच जास्त झालेत.

तर त्या दिवशी वेळ संपत आली होती आणि मागच्या रांगेतून एक चिठ्ठी आली. नाव नव्हतं. वाचून दाखवायला हरकत नाही, असं खाली लिहिलं होतं. मजकूर साधारण असा: आमच्या गावात कॅथलिक घरं बोटावर मोजण्याइतकी आहेत. फादर एकच. ते आमच्याकडे जेवायला येतात, माझा आवाज त्यांना पाठ आहे. एक गोष्ट मनात आहे, ती त्यांना सांगायची लाज वाटते. वीस वर्षं झाली, कन्फेशनला गेलो नाही. आता जायचं तर कसं जायचं?

चिठ्ठीला तिथल्या तिथं दोन वाक्यांत उत्तर देणं आम्हाला जमलं नाही. म्हणून आज जळगावला पूर्ण तासच या विषयाला ठेवला आहे.

आधी एक सांगून टाकतो. आम्ही फादर नाही. आम्ही धर्मशिक्षणाचे वर्ग घेणारी, संसारातली माणसं. कन्फेशन ऐकणाऱ्यांतले नाही, करणाऱ्यांतले आहोत. जाळीच्या गुडघे टेकायच्या बाजूनेच आम्हाला हा संस्कार माहीत आहे, आणि त्या बाजूनेच बोलणार आहोत.

शब्दांपासून सुरुवात करू. आपल्याकडे सगळे 'कन्फेशन'च म्हणतात. कोणी 'पापकबुली' म्हणतं. मराठी उपासनेच्या पुस्तकात 'प्रायश्चित्त संस्कार' असतं. भुसावळला रेल्वेच्या नोकरीमुळे आलेल्या गोव्याकडच्या घरांतली आजी अजून 'कुमसार' म्हणते. तो शब्द पोर्तुगीजांकडून कोकणीत आला आणि तिथंच मुरला. गंमत अशी, की 'कबुली' म्हटलं की आपल्याला पोलीस ठाणं आठवतं आणि 'प्रायश्चित्त' म्हटलं की शिक्षा. दोन्ही शब्द अर्धं अर्धंच सांगतात. हा संस्कार म्हणजे तुटलेलं नातं पुन्हा जोडणं आहे, आणि जोडायला दोन्ही टोकं हातात घ्यावी लागतात. एक टोक देवाकडचं. दुसरं टोक ज्याचं आपण वाईट केलं त्या माणसाकडचं. हे दुसरं टोक बहुतेक जण विसरतात. त्यावर आज आम्ही जरा जास्त वेळ बोलणार आहोत.

आता आपला मुलूख. धुळे, जळगाव, नंदुरबार हे तिन्ही जिल्हे नाशिक धर्मप्रांतात येतात. हा धर्मप्रांत १९८७ साली पुण्यापासून वेगळा झाला. वसईत किंवा गोव्यात चालत जाल तिथं चर्च, आणि प्रत्येक चर्चमध्ये दोन-तीन फादर. आपल्याकडे तसं नाही. एका चर्चपासून दुसरं चर्च म्हणजे एसटीचा प्रवास. पाड्यांवर तर फादर येतील त्या दिवशीच मिस्सा आणि त्याच दिवशी कन्फेशन. शिवाय आपल्या आजूबाजूची ख्रिस्ती मंडळी बरीचशी प्रॉटेस्टंट आहेत, धुळे-नंदुरबारकडे अलायन्स मिशनच्या कामातून उभी राहिलेली. त्यांच्यात फादरांपुढे जाऊन पाप सांगायची पद्धत नाही. त्यामुळे लग्नाकार्यात, सोयरिकीत हा प्रश्न येतोच: तुम्ही माणसाला कशाला सांगता? देवाला थेट सांगता येत नाही का?

येतं. चर्चने कधी नाही म्हटलेलं नाही. रोज रात्री झोपताना सांगावं, मिस्साच्या सुरुवातीलाही आपण सगळे मिळून सांगतोच. मनापासून, देवावरच्या प्रेमापोटी पश्चात्ताप झाला आणि जमेल तितक्या लवकर कन्फेशनला जायचं ठरवलं, तर मोठ्या पापाचीही क्षमा त्या क्षणी होते, अशी चर्चची शिकवण आहे. २०२० च्या मार्चमध्ये सगळं बंद झालं, तेव्हा पोप फ्रान्सिस यांनी हेच सांगितलं होतं.

मग माणूस कशाला? इथं आम्ही जळगावचीच दोन उदाहरणं देतो. पर्युषण संपलं की आपले जैन शेजारी 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणत घरी येतात. देवाला सांगून झालं म्हणून घरी बसत नाहीत. त्यांच्या साधू-साध्वींमध्ये तर आलोचना आहे, म्हणजे गुरूपुढे आपला दोष स्वतःच्या तोंडाने सांगायचा आणि गुरू देतील ते प्रायश्चित्त घ्यायचं. श्रद्धा वेगळी, अर्थ वेगळा. पण मनातल्या मनात म्हटलेलं आणि तोंडाने उच्चारलेलं यांत फरक आहे, ही जाण तीच.

दुसरं उदाहरण जैन हिल्सवरच्या गांधी तीर्थात शाळेच्या सहलीला गेलेल्यांना माहीत असेल, निदान आत्मकथा वाचलेल्यांना तरी. पंधरा वर्षांच्या मोहनदासने भावाचं पंचवीसेक रुपयांचं कर्ज फेडायला भावाच्याच कड्यातला सोन्याचा तुकडा चोरला. कर्ज फिटलं, पण मन फिटेना. तोंडाने सांगायचं धाडस झालं नाही, म्हणून चिठ्ठी लिहून आजारी वडिलांच्या हातात दिली. गुन्हा कबूल केला, शिक्षा मागितली, पुन्हा चोरी करणार नाही असं लिहिलं. वडिलांनी वाचलं, डोळ्यांतून पाणी आलं, चिठ्ठी फाडून टाकली. आता बघा, मोहनदास देवघरात जाऊन देवालाही सांगू शकला असता. पण वडिलांच्या डोळ्यांतलं पाणी त्याला देवघरात दिसलं नसतं. क्षमा झाली हे त्याला कळलं ते समोर माणूस होता म्हणून. आपली कॅथलिक श्रद्धा यापुढे एक पाऊल जाते: पुनरुत्थानानंतर येशूने शिष्यांना पापक्षमेचा अधिकार दिला, योहानाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायात ते आहे, आणि तो अधिकार फादर त्याच्या नावाने वापरतात. क्षमा फादरांची नसते. फादर स्वतःही दुसऱ्या फादरांकडे जाऊन गुडघे टेकतात. ही गोष्ट वर्गातल्या मुलांना सांगितली की त्यांना फार आनंद होतो. (हशा)

इतिहास थोडक्यात घेऊ. पहिल्या शतकांत आजच्यासारखी पद्धत नव्हती. खून, व्यभिचार, छळाला घाबरून श्रद्धा नाकारणं असल्या मोठ्या पापांसाठी सगळ्या मंडळीच्या डोळ्यांदेखत, कधी कधी वर्षानुवर्षं प्रायश्चित्त करावं लागे, आणि तेही आयुष्यात बहुधा एकदाच. सहाव्या-सातव्या शतकात आयर्लंडच्या साधूंनी एकांतात, पुन्हा पुन्हा करता येईल असं कन्फेशन युरोपभर रुजवलं. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने वर्षातून एकदा तरी, असा नियम केला. जाळीची लाकडी पेटी सोळाव्या शतकातली. मिलानचे आर्चबिशप चार्ल्स बोरोमियो यांनी ती चालू केली, आणि एक मोठं कारण अगदी व्यवहाराचं होतं: स्त्रिया आणि पाद्री यांच्यामध्ये आडोसा असावा, बोलायला जागा राहू नये. १९७३ साली नवा विधी आला. तेव्हापासून हा संस्कार लोकांच्या भाषेत, आणि हवं तर समोरासमोर बसूनही करता येतो. पण जाळीमागून करायचा तुमचा हक्क तसाच आहे. हे वाक्य लक्षात ठेवा, चिठ्ठीकडे येताना लागेल.

आता प्रत्यक्ष करायचं कसं. चर्चमध्ये शांत बसा, आणि आधी घरीच तयारी केली असेल तर उत्तम. दहा आज्ञा एकेक घेऊन स्वतःला तपासायचं. आमचा अनुभव असा, की आज्ञांची यादी वाचली तर माणूस 'खून नाही केला, चोरी नाही केली' म्हणत झरझर पुढे जातो. म्हणून आम्ही वर्गात दिवस डोळ्यांसमोर आणायला सांगतो. सकाळी उठल्यापासून कोणाकोणाशी गाठ पडली? बायको, आई, सून, सालदार, गिऱ्हाईक, वर्गातली मुलं. त्या प्रत्येकाच्या जागी बसून माझ्याकडे बघितलं तर काय दिसतं? असं केलं की यादी आपोआप खरी होते.

मग फादरांपुढे जायचं. क्रुसाची खूण करायची, मागचं कन्फेशन कधी झालं ते सांगायचं आणि पापं सांगायची. मोठी पापं असतील तर कोणतं आणि साधारण किती वेळा, हे सांगणं आवश्यक आहे. लहानसहान सांगणं आवश्यक नाही, पण चांगलं. कहाणी सांगायची गरज नाही. आमच्याकडे पहिल्या कन्फेशनच्या तयारीला आलेल्या एका मुलाने कागद भरून पापं लिहून आणली. सहज नजर गेली तर निम्मी त्याच्या धाकट्या बहिणीची! आपण मोठेही तेच करतो. 'सासू अशी बोलली म्हणून मी तशी बोलले', 'त्याने शिवी दिली म्हणून मी हात उचलला'. सासूची पापं सासू सांगेल. आपलं तेवढं सांगावं. 'मन्ही चूक व्हयनी' एवढं अहिराणीत म्हटलं तरी चालतं, पुढं कोणती चूक ते मात्र सांगायचं.

दुसऱ्या बाजूनेही नियम आहेत. फादरांनी प्रश्न जपून विचारायचे, आणि पापात दुसरं कोणी सामील असेल तर त्याचं नाव विचारायचंच नाही, असं १९८३ च्या चर्चच्या कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे. कोणी विचारलंच तर 'ते सांगायची गरज नाही, फादर' असं म्हणायला घाबरू नका.

नंतर फादर दोन शब्द सांगतात, प्रायश्चित्त म्हणून प्रार्थना किंवा एखादं काम देतात, आपण पश्चात्तापाची प्रार्थना म्हणतो, आणि ते हात पुढे करून पापमुक्तीचे शब्द उच्चारतात. प्रार्थना पाठ नसेल तर स्वतःच्या शब्दांत म्हणा. पाठ नाही म्हणून न येणारे लोक आम्ही पाहिले आहेत. देवाला पाठांतराची परीक्षा घ्यायची नसते.

आता गुप्ततेविषयी, कारण चिठ्ठीतली खरी भीती ती आहे. कन्फेशनमध्ये ऐकलेलं फादरांनी कोणालाही, कोणत्याही कारणाने, शब्दाने किंवा खुणेने कळू द्यायचं नाही. बिशपांना नाही, पोलिसांना नाही, तुमच्या मृत्यूनंतरही नाही. उघडपणे गुपित फोडणारा फादर त्या क्षणी चर्चमधून बहिष्कृत होतो आणि तो बहिष्कार उठवायचा अधिकार थेट रोमकडे असतो. याहून एक बारीक नियम फार जणांना ठाऊक नसतो. ऐकलेली माहिती तुमच्या तोट्यासाठी वापरायलाही मनाई आहे, गुपित बाहेर फुटायची शक्यता नसली तरी. म्हणजे चर्चच्या दानपेटीतले पैसे तुम्ही घेतल्याचं तुम्ही कन्फेशनमध्ये सांगितलंत, तर केवळ त्या माहितीवरून फादर पेटीची किल्ली तुमच्याकडून काढून घेऊ शकत नाहीत.

हे सगळं कागदावर. प्रत्यक्षात कधी मोडत नाही का? मोडल्याचा आरोप झालेला आहे, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. २०१८ साली केरळमध्ये मलंकरा ऑर्थोडॉक्स चर्चच्या काही पाद्रींवर एका विवाहित स्त्रीने कन्फेशनमध्ये सांगितलेलं तिच्याविरुद्ध वापरून तिचं शोषण केल्याचा आरोप झाला. ते चर्च कॅथलिक नाही, पण आपल्याला 'ते आपले नव्हेत' म्हणून हात झटकता येणार नाहीत. राष्ट्रीय महिला आयोगाच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी चर्चमधलं कन्फेशनच बंद करावं अशी शिफारस केली. कॅथलिक बिशपांनी तीव्र विरोध केला. आमचं मत विचाराल तर, संस्कार बंद करा हे उत्तर चुकीचं होतं, पण प्रश्न चुकीचा नव्हता. ज्याच्या हातात दुसऱ्याचं गुपित आहे त्याच्या हातात सत्ता आहे. म्हणूनच चर्चच्या कायद्यात कन्फेशनच्या निमित्ताने लैंगिक मागणी करणाऱ्या पाद्रीला शिक्षा सांगितली आहे. आणि आमच्या बहिणींना, मुलींना आम्ही इथं मुद्दाम सांगतो: गुप्ततेचं बंधन फादरांवर असतं, तुमच्यावर नाही. तिथं कोणी वावगं बोललं तर उठून बाहेर या, आईला सांगा, बिशपांना कळवा, पोलिसांत जा. बोलल्याने तुम्हाला कसलंही पाप लागत नाही.

एक अवघड जागा राहते. २०१२ च्या पॉक्सो कायद्यात मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती असलेल्या कोणाही व्यक्तीने ती कळवली पाहिजे, असं आहे. धर्मगुरूंना त्यात वेगळी सूट नाही. आपल्या साक्षीपुराव्याच्या कायद्यात वकील-अशील, नवरा-बायको यांच्या बोलण्याला संरक्षण आहे, कन्फेशनचं नाव त्यात नाही. आणि चर्च म्हणतं, गुपित फुटणार नाही. मग? २०१९ मध्ये रोमच्या या विषयाच्या न्यायपीठाने एक टिपण काढलं. त्याप्रमाणे, गुन्हेगाराने पोलिसांत हजर व्हावं अशी अट घालून फादर पापमुक्ती अडवू शकत नाहीत, पण खरा पश्चात्ताप आणि सुधारण्याचा पक्का निश्चय नसेल तर पापमुक्ती देताही येत नाही. आणि अत्याचार झालेलं मूल स्वतः सांगत असेल, तर त्याचे हक्क आणि तक्रार करायचे मार्ग त्याला समजावून सांगणं फादरांचं काम आहे. यावर सगळ्यांचं समाधान होत नाही, आमचंही पूर्ण होत नाही. पण धर्मशिक्षक म्हणून आमची जागा स्पष्ट आहे. वर्गातल्या मुलाने आम्हाला काही सांगितलं तर ते कन्फेशन नव्हे. आम्ही ते कळवणार.

आता दुसरं टोक. आम्ही म्हटलं होतं ना, जास्त वेळ बोलणार म्हणून.

लोकांना वाटतं, आत गेलो, सांगितलं, तीन 'नमो मरिया' म्हटल्या, पाटी कोरी. शेजारपाजारचेही आपल्याला टोमणा मारतात, 'तुमचं बरंय, रविवारी धुऊन टाकायचं आणि सोमवारपासून पुन्हा सुरू'. टोमणा खरा ठरतो तो आपण भरपाई विसरतो म्हणून. चर्चची शिकवण अशी, की पापमुक्तीने पाप जातं, पापाने केलेलं नुकसान जात नाही. ते तुम्हालाच भरून द्यायचं आहे. जक्कय नावाचा जकातदार आठवा. येशू त्याच्या घरी जेवायला आला, आणि जक्कयने उभं राहून काय केलं? नुसतं रडला नाही. ज्यांना लुबाडलं होतं त्यांना चौपट परत द्यायचं कबूल केलं.

हे खान्देशात आणून बघू. कापूस विकायला नेताना वजन वाढावं म्हणून त्यावर पाणी मारलं. हे इथं बसलेल्यांपैकी कोणी करत नाही, आम्हाला माहीत आहे. (हशा) आणि उलट बाजूने व्यापाऱ्याने काट्यात मारलं. केळीच्या गाडीमागे दोन-पाच किलो गिळले. कन्फेशनमध्ये 'फादर, मी खोटेपणा केला' एवढं म्हणून चालेल का? खोटेपणा झाला, पण ते पैसे कुठं आहेत? घरातच ना? मग चोरी अजून चालूच आहे.

सालदाराचं घ्या. आखाजीला साल ठरतं, वर्षाचे पैसे ठरतात. मधे तो चार दिवस तापाने पडला, आठ दिवसांचे कापून घेतले. त्याला हिशोब येत नाही, तो गप्प बसला. आता मालकाला उपवासकाळात पश्चात्ताप झाला, डोळ्यांत पाणीही आलं. छान. पण सालदाराच्या घरात त्या पाण्याने चूल पेटत नाही. पैसे परत करायचे. 'देवाला माफी मागितली' हे उत्तर सालदाराला देता येत नाही, कारण देवाने त्याच्या वतीने पावती फाडलेली नसते.

लगेच प्रश्न येतात, त्यांची उत्तरं जुन्या नीतिशास्त्राच्या पुस्तकांतही आहेत. परत करायला गेलो तर अब्रू जाईल? नाव न सांगता परत करा, हे चालतं. पाकीट दारात टाका, वाढीव मजुरी म्हणून द्या, कोणामार्फत पाठवा. तो माणूस वारला? त्याच्या वारसांना द्या. कोणाकोणाला काट्यात मारलं ते आठवत नाही? गरिबांना द्या, पण स्वतःकडे ठेवू नका. आज ऐपत नाही? हप्त्याने द्या. खरी तयारी असेल तर पापमुक्ती हप्ते संपेपर्यंत थांबत नाही.

आणि पैशापेक्षा अवघड भरपाई म्हणजे नावाची. एखाद्या मुलीबद्दल खोटं बोललो, तिचं ठरलेलं लग्न मोडलं. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर कोणाच्या चारित्र्यावर टाकलेला मेसेज खोटा निघाला. इथं गुपचूप पाकीट टाकून भागत नाही. ज्या चार लोकांसमोर बोललो, त्या चार लोकांसमोर 'मी खोटं बोललो' म्हणावं लागतं. त्याच ग्रुपवर लिहावं लागतं. फादरांपुढे सांगणं याच्यापेक्षा कितीतरी सोपं आहे हो. आम्हाला कधी कधी वाटतं, कन्फेशनला न जाणारे पुष्कळ जण फादरांना घाबरत नाहीत, या पुढच्या पायरीला घाबरतात. आम्हीही घाबरलो आहोत. एका नात्यातल्या माणसाकडे एक वाक्य बोलायला आम्हाला तीन उपवासकाळ लागले. ते वाक्य ऐकून त्यांनी चहा ठेवला, दुसरं काही बोलले नाहीत. बरं झालं का? थोडं. सगळं नाही. पण त्यानंतर तरी येणं-जाणं आहे.

आता चिठ्ठी. दादा, तुम्ही हे वाचत असाल असं धरून बोलतो.

पहिली गोष्ट, तुम्ही तुमच्याच फादरांकडे गेलं पाहिजे असा नियम नाही. अधिकार असलेल्या कोणत्याही फादरांकडे जायला प्रत्येक कॅथलिक माणूस मोकळा आहे. यात तुमच्या फादरांचा अपमान नाही, आणि ते शहाणे असतील तर त्यांना वाईट वाटणार नाही. सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीच्या यात्रेला आपल्याकडून गाड्या भरून लोक जातात. तिथं ठिकठिकाणचे फादर कन्फेशन ऐकायला बसतात, तुम्हाला ओळखणारं कोणी नसतं. फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूची यात्रा असते. जळगाव, भुसावळहून थेट रेल्वे आहे. उपवासकाळात आणि नाताळाआधी बऱ्याच चर्चमध्ये बाहेरून फादर बोलावले जातात, त्या दिवशी जा.

दुसरी गोष्ट, तोंड दाखवायची सक्ती नाही. जाळी मागा. जाळी नसेल तर खुर्चीच्या मागच्या बाजूला गुडघे टेका.

भाषेची अडचण असणाऱ्यांसाठी, म्हणजे पावरी, भिलोरी बोलणाऱ्या आमच्या पाड्यांवरच्या लोकांसाठी सांगतो: फादर केरळचे किंवा मंगळूरचे असले आणि तुमची बोली त्यांना येत नसली, तर दुभाष्या घेऊन कन्फेशन करता येतं, आणि त्या दुभाष्यावरही गुप्ततेचं बंधन असतं. सक्ती मात्र कोणी करू शकत नाही, ती तुमची खुशी.

फोनवर, व्हिडिओ कॉलवर हा संस्कार होत नाही. हे आमचे ऑनलाइन श्रोते दर वेळी विचारतात. सल्ला घ्या फोनवर, पापमुक्तीसाठी प्रत्यक्ष जावं लागतं. आणि आधी सांगितलं तसं, जाईपर्यंत देवाशी बोलायला कोणाची परवानगी लागत नाही.

वीस वर्षांची यादी कशी करायची, ही काळजी असेल. सगळं आठवलं पाहिजे असं नाही. जे मोठं आहे, जे मनात टोचतं आहे, तेवढं प्रामाणिकपणे सांगा. खरोखर विसरलेलं त्यातच माफ होतं, नंतर आठवलं तर पुढच्या वेळी सांगायचं. जाणूनबुजून मुख्य गोष्ट मागे ठेवून बाकीचं सांगणं मात्र करू नका. त्याने संस्कारच होत नाही, आणि ओझं दुप्पट होतं.

आणि लाज. लाज वाटणं वाईट नाही, ती वाटते म्हणजे आत काहीतरी जिवंत आहे. मधली एक युक्ती सांगतो, आमच्या एका वयस्कर शेजाऱ्यांनी वापरलेली. ते सत्तावीस वर्षांनी गेले होते. लहानपणी एका फादरांनी त्यांना सगळ्यांदेखत झापलं होतं, तेव्हापासून पाऊल उचलत नव्हतं. आत जाऊन त्यांनी पहिलं वाक्य म्हटलं, "फादर, सत्तावीस वर्षं झाली, मला सुरुवात करता येत नाही, तुम्ही विचारा." फादर म्हणाले, "आधी नीट बसा, घाई नाही." मग त्यांनी एकेक विचारलं, यांनी हो-नाही केलं. बाहेर यायला अर्धा तास लागला. बाहेर बसलेल्यांपैकी एक बाई घड्याळाकडे बघून कुरकुरत होत्या, तेवढं सोडलं तर कोणाच्या काही लक्षात आलं नाही. ते तिथून सरळ घरी गेले नाहीत. आधी पारोळ्याला गेले, धाकट्या भावाकडे, वाटणीचा जुना कागद घेऊन.

वेळ झाली. चिठ्ठ्या असतील तर पुढे पाठवा, नाव लिहिलं नाही तरी चालेल.